तळेऱ्याला न उघडलेलं पान

देवबागला आमच्या घराच्या खाडीकडच्या अंगाला, तळमजल्यावर, एक खोली आहे. तिच्या न्हाणीत भिंतीला एक लोखंडी दांडी बसवलेली आहे. मालवणच्या बाजारात ती घेताना मी दुकानदाराशी अर्धा तास वाद घातला आणि शेवटी स्क्रू फुकट घेऊनच बाहेर पडलो. दांडी बसवली ती सांगलीच्या एका निवृत्त मास्तरांच्या बायकोसाठी. बाईंचे गुडघे गेलेले. दरवर्षी थंडीत दोघं आठ दिवस येत, त्याच खोलीत राहत, आणि निघताना बाई माझ्या बायकोला बजावत, "ही खोली आमची हं. आम्ही येऊ तेव्हा कुणाला देऊ नका."

गेले दोन हिवाळे ती दोघं आमच्याकडे आलेली नाहीत. भांडण झालं नाही, जेवणाबद्दल तक्रार नव्हती, आजारपण नव्हतं. कारण माझी वेबसाइट आहे. हे सांगितलं की लोक हसतात आणि विषय बदलतात. म्हणून आता तोंडी सांगत नाही, लिहून ठेवतो.

मी कोणाच्या वशिल्यानं वर आलेला माणूस नाही. सोळाव्या वर्षापासून बंदरावर होड्यांना बर्फ विकला. बर्फाचं असं असतं की भाव ठरेपर्यंत माल वितळत असतो. समोरच्याला ते ठाऊक असतं, म्हणून तो मुद्दाम विडी पेटवतो. अशा माणसांत राहून मी लवकर बोलायला आणि त्याहून लवकर तापायला शिकलो. तापलं की समोरचा घाबरून भाव देतो, हा माझा अनुभव. त्यावर तीन खोल्या बांधल्या. पुढे तीनाच्या पाच केल्या.

मास्तर आणि बाई हे माझे पहिले पाहुणे. तेव्हा खोल्यांना फरशीसुद्धा नव्हती. मास्तर सकाळी धक्क्यावर खुर्ची टाकून बसत आणि ओहोटी कधी लागली, होड्या किती आल्या, असं काहीबाही वहीत लिहीत. दुसऱ्या वर्षी मी त्यांना म्हटलं की आता सगळ्यांच्या वेबसाइट झाल्या आहेत, मलाही करायची आहे, पण त्यात लिहायचं काय ते सुचत नाही. त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि चहा संपायच्या आत चार वाक्यं लिहून दिली. ती मला पाठ आहेत.

"एका बाजूला खाडी आहे, दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, मधे हे घर आहे. खोल्या तीन आहेत आणि तिन्ही स्वच्छ आहेत. घरातली माणसं जे जेवतात तेच जेवण मिळतं. येण्याआधी फोन करा, म्हणजे मासे तुमच्या हिशेबानं घेता येतील."

मी म्हटलं, एवढंच? ते म्हणाले, "खोटं काही लिहायचं असेल तर अजून लांबवता येईल."

ते पान घेऊन मी कसाल-मालवण रस्त्यावरच्या कट्टा गावी गेलो. तिथे एस.टी. थांब्यासमोर एका मुलीचं दुकान आहे. मुलगी म्हणतो, पण आता तिशीची बाई आहे ती. सातबारा काढून देते, फॉर्म भरते, लग्नपत्रिका छापते आणि वेबसाइट करते. मला काका म्हणते. चार दिवसांत तिनं पान तयार केलं. वर घराचा एक फोटो, खाली मास्तरांची चार वाक्यं, त्याखाली आमच्या घरच्या फोनचा नंबर. तिनं माझ्याच मोबाइलवर उघडून दाखवलं. बोट लावलं न लावलं तोच घर समोर हजर.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं ते प्रामाणिकपणे सांगतो. मला वाटलं, हिनं मला फसवलं. एवढ्या लवकर जे उघडतं त्यात माल तो काय असणार?

आमच्याकडे मासे घेताना वाट्याचा भाव ठरला की आम्ही लगेच पिशवी पुढे करत नाही. "वर काय घालतंस?" असं विचारतो. मासेवाली आमच्या घराण्याचा उद्धार करते आणि शिव्या देता देता दोन बांगडे वर टाकते. तेव्हा व्यवहार पुरा होतो. न विचारता जो निघून गेला तो पर्यटक. मीही त्या मुलीला तेच विचारलं. वर काय घालतंस?

ती बिचारी गोंधळली. म्हणाली, हवामानाची पेटी घालू का? फुकट मिळते, दुसऱ्या एका कंपनीची असते, आपण फक्त जोडायची. मी म्हटलं, जोड.

ती चटक मला तिथे लागली. पुढची पाच-सहा वर्षं मी काही ना काही कामानं कट्ट्याला जायचो, आणि गेलो की दुकानात डोकावून विचारायचो, नवीन काय आसा? एकदा पान बघणाऱ्यांचा आकडा लावून घेतला. त्यात कोणत्या गावाहून कोण बघतंय तेही दिसायचं. मी तो आकडा देवबागच्या नाक्यावर सगळ्यांना दाखवत असे. मग नकाशा आला. मग कोपऱ्यातून एक बाई पुढे येऊन "नमस्कार, मी आपली काय मदत करू?" विचारायला लागली. ती बाई म्हणजे यंत्र होतं, तेही बाहेरच्याच कुठल्या कंपनीचं. पाहुण्यांनी लिहिलेली तारीफ आपोआप सरकत राहील अशी पट्टी आली. गणपतीत पानावरून झेंडूच्या पाकळ्या पडायची सोय केली. ती नंतर कोणी बंद केली नाही, त्यामुळे मे महिन्यातसुद्धा पाकळ्या पडायच्या. लाटांचा आवाजही लावून घेतला. घरात बसलं की खरा समुद्र ऐकू येतो, तरी मी मोबाइल कानाला लावून तो दुसरा समुद्र ऐकला आणि खूश झालो.

मेव्हण्याची डॉल्फिन दाखवणारी होडी आहे. माझ्या बायकोचा हा धाकटा भाऊ. त्यानं म्हटलं, भावजी, होडीचं बुकिंग तुमच्या पानावरूनच होऊ दे. त्यासाठी एका कंपनीची खिडकी जोडली. शेवटी खोल्या बुक करून देणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस आला आणि तिचीही खिडकी बसली, सगळ्यांच्या वर, लाल रंगात. यातल्या एकाही गोष्टीसाठी मी त्या मुलीला जास्त काही दिलं नाही. प्रत्येक वेळी वरचे दोन बांगडे म्हणूनच घेतले.

तिनं एकदा सांगून बघितलं होतं, हे मी नाकारत नाही. म्हणाली, काका, पान जड होतला. मी आवाज चढवला. म्हटलं, कागद नाही, लाकूड नाही, जड कशानं होईल? काम करायचा कंटाळा असेल तर तसं सांग, कुडाळात दहा दुकानं आहेत. तिनं जोडून दिलं. त्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही.

त्यानंतरच्या थंडीत मास्तर आले नाहीत. फोनही आला नाही. बायकोनं त्यांच्या नंबरवर लावून बघितलं तर तो बंद. आम्ही खोली दोन आठवडे रिकामी ठेवली. सीझनात खोली रिकामी ठेवणं माझ्या स्वभावात नाही, पण ठेवली. बायको रोज दांडी पुसायची, खाऱ्या हवेनं ती गंजते.

एके दिवशी सकाळी मी सायकलवरून पाव आणायला निघालो. आमच्यापासून चार घरं सोडून एकाचं दुमजली, काचा लावलेलं घर आहे. त्याच्या वरच्या गॅलरीत मास्तर बसले होते. गुडघ्यावर वही. बाजूला बाई, हातात चहाचा कागदी पेला.

मी सायकल तिथेच सोडली. आत जायची परवानगीही विचारली नाही. जिना चढताना एकच डोक्यात होतं, की बाई हा जिना कशा चढल्या असतील.

मला बघून मास्तर उभे राहिले. बाईंनी उठायचा प्रयत्न केला, पण त्यांना जमलं नाही. मी काही बोलायच्या आत मास्तरांनी खिशातून मोबाइल काढला. नवा होता. जुना कृष्णेत पडला, त्याबरोबर सगळे नंबर गेले, असं त्यांनी सांगितलं. यायचं अचानक ठरलं, जावयानं गाडी आणि ड्रायव्हर दिला, म्हटलं वाटेत तळेऱ्याला चहाला थांबू तेव्हा तुमच्या पानावरून नंबर घेऊ आणि फोन करू. पान उघडलं तर सगळं पांढरं, मधे एक चाक फिरतंय. तळेऱ्याला दोन वेळा बघितलं. कणकवलीच्या पुढे बघितलं, कसालला बघितलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं आपल्या मोबाइलवर ती बुकिंगची कंपनी उघडली, ती झटकन उघडली, त्यात सगळ्यांत वर हे घर आलं, आणि पैसेसुद्धा तिथल्या तिथे भरले गेले.

"आता भरले म्हटल्यावर तुमच्याकडे यायला तोंड राहिलं नाही," मास्तर म्हणाले. मग मोबाइल माझ्यापुढे धरून, जणू मला पुरावा हवा असावा तसं, म्हणाले, "तुमचं घर उघडलंच नाही हो."

मी बघितलं. पांढरं पान. मधे चाक.

यानंतर मी जे बोललो ते बोलायला नको होतं. भाव पडत असला की मी जसा बोलतो तसाच बोललो. म्हटलं, "बरोबर आहे. काचेची घरं लवकर उघडतात."

बाईंनी पेला खाली ठेवला. मी जिना उतरलो. निम्म्या वाटेवर आठवण झाली की नवा नंबर विचारायला हवा होता. वळलो नाही. संध्याकाळी जाऊ, असं ठरवलं. दुपारी बायको डब्यात तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं घेऊन गेली, तर ती दोघं निघून गेली होती. पैसे भरलेला एक दिवस अजून शिल्लक असताना.

शेजाऱ्याकडे नंबर मागायला मला किती जड गेलं ते मीच जाणतो. तो सभ्यपणे म्हणाला, नंबर कंपनीकडे असतो, पाहुणा गेला की आम्हालाही दिसत नाही. खरं बोलत असावा.

त्याच दिवशी मी कट्ट्याला गेलो. सगळा राग त्या मुलीवर काढायचा हे ठरवूनच गेलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत मी सुरुवात केली. तिनं माझं पान कसं बुडवलं, माझी माणसं कशी पळवली, सगळं. ती ऐकत राहिली. गिऱ्हाइकांना त्यांचे कागद दिले, त्यांना वाटेला लावलं, आणि मला स्टूल पुढे केलं. मग आपला कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. सीझनात देवबागला माणसं वाढली की नेटवर्क जसं रडतं तसं तिनं मुद्दाम करून दाखवलं, त्याची तिच्याकडे सोय होती, आणि माझं पान उघडलं.

पांढरं. बाजूला एकाखाली एक ओळी पडायला लागल्या. मी विचारलं, हे काय? तिनं समजावलं, की पान उघडायचं म्हटलं की मोबाइलला या प्रत्येक ठिकाणी जाऊन काहीतरी आणावं लागतं. फोटो आणि मास्तरांची वाक्यं आपल्याच जागेवर आहेत, ती लगेच येतात. पण हवामान दुसरीकडून, नकाशा तिसरीकडून, होडीची खिडकी कुठल्या तरी परदेशातल्या मशीनवरून, अक्षरांचं वळणसुद्धा बाहेरून. ती प्रत्येक जागा आणखी दोघांकडे पाठवते. आणि यातल्या काही गोष्टी अशा बसवाव्या लागतात की त्या आल्याशिवाय बाकीचं दिसतच नाही.

ओळी पडत होत्या. माझ्या घराच्या नावाची त्यात एकच होती.

मी म्हटलं, कोणाच्या सांगण्यावरून घातलंस हे सगळं?

ती हळू बोलली. "काका, ह्यातला एकव मी माझ्या मनान घातलंय नाय."

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. कपाटातल्या कुठल्याशा डिस्कवरून पहिलं पान काढलं. तेच रडकं नेटवर्क ठेवून उघडलं. घर आलं, चार वाक्यं आली, नंबर आला. मी तिच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायलाही मान वळवली नव्हती.

"ह्या तुमका नको होता," ती म्हणाली. टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागला.

मी म्हटलं, मग आत्ताच्या आत्ता हेच लाव. ती म्हणाली, लावते, पण आधी घरी विचारून या. कारण आता त्यातल्या निम्म्या गोष्टी तुमच्या माणसांच्या आहेत. देवबागच्या नेटवर्कवर बाहेरच्या दोन गोष्टी चालतील, जास्त नाही, त्या कोणत्या ते ठरवा.

मी सवयीनं म्हटलं, तीन कर.

"माझ्याशी कित्या घासाघीस करतास?" ती म्हणाली. "टॉवराशी करा."

मला आयुष्यात इतकं हात बांधल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. बंदरावरचा माणूस कितीही निबर असला तरी त्याला घर असतं, भूक असते, कुठे ना कुठे तो वाकतो. इथे वाकणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या बुकिंगच्या कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. मी सगळी बटणं दाबली. प्रत्येक बटणानंतर तोच गोड आवाज. शेवटी खरा माणूस आला, दूर कुठला तरी, हिंदीतून बोलणारा. मी तापलो. तो म्हणाला, सर, आपकी बात मैं समझ सकता हूँ. मी आणखी तापलो. तो तेच म्हणाला, त्याच सुरात. खिडकी काढायला ना नव्हती. पण काढली तर त्यांच्या यादीत माझं घर कुठे दिसेल ते तो सांगू शकत नव्हता. वर राहील की खाली जाईल? तेही सांगू शकत नव्हता. मग कोण सांगेल? सर, वो सिस्टम तय करता है.

घरी बायकोला सगळं सांगितलं. भावाच्या खिडकीपाशी आलो तशी तिनं भात ढवळणं थांबवलं. मग म्हणाली, "माझ्या भावाची काढतास, मगे माझी तारीफ पण काढा. नायतर तो म्हणात, भयणीची ठेवली नि माझी काढली." ती तारिफेची पट्टी माझी बायको रोज बघायची. वाचायला तिला चष्मा लागतो, तरी चष्मा शोधून बघायची. नागपूरच्या कोणीतरी लिहिलेलं कालवणाबद्दलचं वाक्य तिनं मला कितीदा ऐकवलं असेल. मी म्हटलं, तुझी ठेवूया, दोन चालतात. ती म्हणाली, "काढा म्हटलंय ना. माका त्येंनी तोंडार सांगला तां पुरे."

मेव्हणा मात्र सहज ऐकणाऱ्यातला नव्हता. धक्क्यावर होडी धूत होता, मान वर न करता म्हणाला, "भावजी, इतकी वर्सां माझी होडी हलकी होती. आता जड झाली?"

मी त्याला सांगलीच्या मास्तरांचं सांगितलं. खिडकीऐवजी होडीचा फोटो लावतो, खाली तुझा नंबर लिहितो, असं म्हटलं. तो म्हणाला, नंबर नाक्यावरच्या भिंतीवरही लिहिलेला आहे. मी चढ्या आवाजात बोललो, तोही बोलला. बोलता बोलता तो म्हणाला, दोन माणसांसाठी तुम्ही सख्ख्यांना तोडताय. त्यावर मी आणखी मोठ्यानं बोललो. तेव्हापासून त्याची होडी आमच्या धक्क्यासमोरून जाताना भोंगा वाजवत नाही. आधी प्रत्येक फेरीला वाजवायचा, बहिणीला कळावं म्हणून. बायको अजून त्या वेळेला खाडीकडच्या दारात येते.

पुन्हा कट्ट्याला गेलो. मुलीनं एकेक काढायला घेतलं. मी शेजारी बसून होतो. पाकळ्या गेल्या, लाटा गेल्या, "नमस्कार" म्हणणारी बाई गेली. हवामान गेलं, तारिफेची पट्टी गेली, होडीची खिडकी जाऊन तिथे होडीचा फोटो आणि नंबर आला. नकाशाच्या जागी तिनं नकाशाचं साधं चित्र लावलं आणि खाली लिहिलं, तळेरे, कसाल, कट्टा, मालवण, मग तारकर्ली सोडून सरळ पुढे, रस्ता संपेपर्यंत. खरा नकाशा हवा असेल तर चित्रावर दाबायचं, मगच तो येणार. अक्षरं मोबाइलमध्ये असतात तीच ठेवली. बुकिंगच्या कंपनीची खिडकी काढून खाली एक ओळ ठेवली, तीही दाबली तरच उघडणारी. ती काढल्यापासून पाचपैकी दोन खोल्या बरेचदा रिकाम्या असतात. सिस्टमनं काय ठरवलं ते मला कोणी कळवलेलं नाही.

शेवटी आकडा उरला. किती जण बघतात, कोणत्या गावाहून बघतात, तो. मी म्हटलं, हा राहू दे. माझी एवढीच एक इच्छा होती, की सांगलीहून कोणी पान उघडलं तर मला दिसावं. मुलीनं तपासलं आणि मान हलवली. तो आकडा सगळ्यांत जुना, आणि त्याच्या मागून सगळ्यांत जास्त ओळी येत होत्या. पाहुण्याच्या मागोमाग जाऊन तो आणखी कुठे कुठे काय बघतो ते टिपणाऱ्या ओळी. ती म्हणाली, हलका असा दुसरा मिळतो, पण तो गाव सांगत नाही. एस.टी. आली आणि गेली. मी विचार केला, की मास्तर कुठे तरी जेमतेम नेटवर्क असलेल्या रस्त्यावर उभे राहून पान उघडताहेत, आणि मला त्यांचं गाव दिसावं म्हणून पान त्यांना उघडत नाही. म्हटलं, काढ.

हेही लिहायला हवं, की त्या दिवशी मी तिला वर काय घालतंस असं विचारलं नाही. सवयीनं ओठावर आलं होतं.

आता नियम केला आहे. कोणी काही नवीन जोडू म्हटलं तर आधी विचारतो, ते कोणाच्या घरून येणार, आणि त्यासाठी काय काढू? बहुतेक वेळा तिथेच बोलणं संपतं. पानावर सगळ्यांत वर मास्तरांची वाक्यं आहेत. मुलीनं "तीन" चं "पाच" करायचं का विचारलं. मी म्हटलं, त्यांनी लिहिलंय तसं ठेव. खोल्या पाच आहेत हे पाहुणा आल्यावर बघेल.

पण हे त्यांना कळणार कसं? पत्ता माझ्याकडे नाही. सांगलीत निवृत्त मास्तर कमी नसतील. आमच्या दोघांच्या मधे आता तेवढं एक पान आहे, आणि ते पुन्हा उघडून बघावंसं त्यांना वाटायला हवं. ते मी वाटायला लावू शकत नाही. आवाज चढवूनही नाही.

या हिवाळ्यात देवगडला एका कामासाठी गेलो होतो. परत येताना तळेऱ्याला उतरलो. गरज नव्हती, कणकवलीपर्यंत तीच गाडी येत होती. तिठ्यावर चहाची टपरी आहे. मास्तर इथेच थांबले असतील असं धरून मी बाकावर बसलो, चहा सांगितला, आणि मोबाइलवर पान उघडलं. नेटवर्कची एकच काडी होती. घर आलं. खाडी आली, समुद्र आला, मधे हे घर आलं. चहा अजून गाळला जात होता.

कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. बाकावर एक जण पेपर वाचत होता, दुसरा गाडीची वाट बघत होता. मी पानावरच्या नंबरावर बोट ठेवलं.

घरचा फोन जुना आहे, वायरचा. त्यावर कोणाचा आहे ते दिसत नाही. तो वाजला की पाहुण्यांचाच असणार असं धरून बायको पदराला हात पुसते आणि जपून, पुस्तकातल्यासारखं मराठी बोलते. तिसऱ्या घंटेला तिनं उचलला.

"नमस्कार, देवबाग. कोण बोलतंय?"

मी म्हटलं, मीच.

तिच्या मागे खाडीवर कुठली तरी होडी जात असल्याचा आवाज येत होता.

"माका वाटला सांगलीचे," ती म्हणाली.